हिपॅटायटिस सी अँटिबॉडी टेस्ट : नऊ महिन्यांनंतर

हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी ही टेस्ट नऊ महिन्यांत माझी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा रिपोर्टवर पॉझिटिव्ह अर्थाचा एकच शब्द आला, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. पहिल्या वेळी अंगात विषाणू होता, दुसऱ्या वेळी नव्हता. असा कागद ज्यांच्या हातात पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

रक्त देण्यात अवघड काही नाही. उपाशीपोटी जावं लागत नाही, एक नळी पुरते. माझी टेस्ट सीएलआयए या, प्रकाशाच्या सिग्नलवरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या पद्धतीने झाली. रिपोर्टवर निकालासमोर १४.२ आणि खाली बारीक अक्षरांत ‘१.० पेक्षा कमी : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. मला वाटलं, आजार चौदा पट वाढलाय! तसं मुळीच नसतं. नमुन्याचा सिग्नल कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधल्या सीमारेषेच्या) किती पट आला, एवढंच तो आकडा सांगतो. रक्तात विषाणू किती आहे, हे त्यावरून कळत नाही. आकडा एकच्या जरासा वर असेल, तर निकाल खोटा पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता बरीच असते.

राग आला तो लॅबचा. रिपोर्ट थेट मोबाइलवर पाठवला, पण आता आरएनए पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) करून घ्या, ही एक ओळ लिहिली नाही. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. विषाणू आत्ता अंगात आहे का, हे पीसीआरच सांगते. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांचा विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय जातो, अँटिबॉडी मात्र मागे उरतात.

माझा गेला नव्हता. सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिरची रोज एक गोळी, १२ आठवडे. त्यानंतर आणखी १२ आठवडे थांबून पीसीआर केली : ‘नॉट डिटेक्टेड’. तो कागद हातात घेऊन मी रडले.

नवव्या महिन्यात एका छोट्या ऑपरेशनआधी नेहमीच्या तपासण्यांत पुन्हा ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. नर्सने फाइलवर लाल शेरा मारला. मी पीसीआरचा रिपोर्ट पुढे केला, डॉक्टरांनी वाचला आणि शेऱ्याखाली ‘उपचार पूर्ण, आरएनए निगेटिव्ह’ असं लिहून सही केली. अँटिबॉडी जन्मभर राहू शकतात, म्हणून बरं झाल्यावर ही टेस्ट पुन्हा करण्यात अर्थ नाही. त्या पुन्हा लागण होण्यापासून वाचवतही नाहीत, आणि या आजाराला लस नाही.

वापरलेली सुई नुकतीच टोचली असेल, तर निगेटिव्ह निकालावर लगेच निर्धास्त होऊ नका. अँटिबॉडी दिसायला सहसा ८ ते ११ आठवडे लागतात, पीसीआरला विषाणू एक-दोन आठवड्यांत सापडतो.

तो पीसीआरचा कागद आता माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर असतो.