सुपरहिरोंच्या आधाराने भौतिकशास्त्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी १४-१५ वर्षांच्या सहा मुलांना आठवड्यातून दोनदा भौतिकशास्त्र शिकवतो आहे, आणि गणितांतल्या नेहमीच्या ठोकळ्यांच्या व उतरणीवरून घरंगळणाऱ्या चेंडूंच्या जागी कॉमिक्समधले सुपरहिरो वापरून पाहतो आहे. यात एकच संकेत पाळायचा असतो: नायकाची मूळ शक्ती कशी आली हे विचारायचे नाही, मात्र ती एकदा मान्य केल्यावर बाकी सारे निसर्गनियमांप्रमाणेच घडले पाहिजे.

सुरुवात सुपरमॅनने केली. १९३८ मध्ये तो प्रथम वाचकांसमोर आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, एवढीच त्याची मजल होती. ही उडी सरळ वर मारली असे धरले, तर जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास हवा, हे मुलांनी गतीच्या समीकरणावरून स्वतः काढले. पुढच्या काळातला, मनात येईल तिकडे उडणारा सुपरमॅन मात्र शिकवण्याच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी निघाला, कारण त्याला कोणती समीकरणे लावायची हेच ठरवता येत नाही. नायक जितका दुबळा तितका तो शिक्षकाला उपयोगी, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो स्पायडरमॅनच्या एका शोकांतिकेचा. १९७३ मधल्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी उंच पुलावरून खाली पडते, स्पायडरमॅन तिला जाळ्याच्या धाग्याने अधांतरी झेलतो आणि तरीही ती दगावते. त्या चित्रात तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत हाड मोडल्याचा आवाज छापलेला आहे. जाळ्याने तर वाचवायला हवे होते, मग असे का झाले, यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. त्यानंतर आकडे मांडले. हवेचा रोध सोडून दिला, तर ९० मीटर पडल्यावर वेग सेकंदाला ४२ मीटर होतो. हा वेग ३ मीटरांत शून्यावर आणायचा तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वत्वरणाच्या ३० पट होते, आणि ३० मीटरांत आणायचा तर अवघे तिप्पट. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतके सोपे हे गुणोत्तर आहे. परंतु ते स्वतःच्या हाताने मांडल्यावर जाळे ताणले जाणारे असावे की ताठ, हा प्रश्न मुलांनीच विचारला. बल आणि आवेग यांवरचा इतका चांगला तास माझ्याकडून पूर्वी झाला नव्हता.

अचाट वेगाने धावणाऱ्या फ्लॅश या नायकाने घर्षणाचा धडा दिला. घर्षणांक, म्हणजे पाय आणि जमीन यांच्यातली पकड दाखवणारा आकडा, १ धरला, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरच्या आसपासच त्याचा पाय घसरेल, आणि ध्वनीच्या वेगाने वळायचे म्हटले तर वळणाची त्रिज्या जवळजवळ १२ किलोमीटर लागेल. कॉमिक्समध्ये तो रस्त्याच्या कोपऱ्यावर सहज वळतो, हे पाहून मुले आता हसतात. राक्षसी आकाराच्या नायकांवर एकच तास पुरला: उंची १० पट केली की वजन १००० पट होते, पण ते पेलणाऱ्या हाडांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ १०० पटच होते. हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडला होता.

आता तक्रारी. विद्युत आणि उष्णता या प्रकरणांत ही पद्धत मला जवळजवळ निकामी वाटली, कारण तिथे मूळ शक्तीच सगळे काम करून टाकते आणि हिशेबाला काही उरत नाही. वीज फेकणाऱ्या पात्रांवर मी दोन तास वाया घालवले. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तिसऱ्या महिन्यातल्या लेखी चाचणीत, चेंडू झेलताना हात मागे का घ्यावेत, या प्रश्नाला चौघांनी ग्वेनची गोष्ट रंगवून लिहिली आणि थांबण्याच्या अंतराचा किंवा वेळेचा उल्लेखही केला नाही. गोष्ट लक्षात राहिली आणि नियम निसटला, यात चूक माझीच होती. तेव्हापासून प्रत्येक सुपरहिरोच्या उदाहरणानंतर त्याच दिवशी त्याच नियमाचे एक साधे उदाहरण, जसे हेल्मेटचे अस्तर किंवा मोटारीतली एअरबॅग, कोणत्याही नायकाचे नाव न घेता सोडवून घेतो. पुढच्या चाचणीत तशाच प्रश्नाला पाच जणांनी अंतर आणि मंदन यांचा संबंध नीट लिहिला.

कॉमिक्स कधीच न वाचलेल्या मुलांचे काय, ही शंका मलाही होती. आमच्यातली एक मुलगी तशीच आहे. पहिले काही तास ती कंटाळलेली दिसे आणि पात्रांची ओळख करून देण्यात दर वेळी पाच मिनिटे जात. फ्लॅशच्या तासाला मात्र तिनेच विचारले की, पृथ्वीच गोल आहे, तर तो सरळ धावला तरी वळतच असणार, मग त्याला जमिनीवर कोण धरून ठेवते? आम्ही मांडणी केली. सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाला गुरुत्वाकर्षण त्याला कसेबसे वळवण्यापुरतेच उरते, आणि त्यापुढे त्याचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. उपग्रहांचे प्रकरण मी दोन महिन्यांनी घेणार होतो. ते त्याच दिवशी सुरू करावे लागले.