मांडवीच्या ओल्या पुळणीत इक्विनॉक्स 800

माझं रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही हल्ली कोणी दुरुस्त करत नाही, फेकतात, त्यामुळे हाताशी वेळ बराच. ऑस्ट्रेलियातल्या भाच्याने हौसेने घेतलेलं माइनलॅबचं इक्विनॉक्स 800 हे मेटल डिटेक्टर मशीन त्याची हौस फिटल्यावर माझ्याकडे आलं. आता समुद्रावर कोणाची अंगठी, कोणाचं कानातलं पडलं की माणसं दुकान विचारत येतात. माझं काम तेवढंच, आणि तेही ओल्या वाळूत. म्हणून मशीनबद्दल लिहितोय ते ओल्या वाळूपुरतंच.

आधी एका मित्राचं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन वापरायचो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती, मी ते भलत्या ठिकाणी नेलं. परसात त्याने गंजका खिळाही सोडला नाही. इथल्या मांडवी किनाऱ्याच्या ओल्या पट्ट्यात पाय ठेवला आणि कुकरची शिट्टी अडकावी तसं जे सुरू झालं ते थांबेना. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमीन तपासणारी तबकडी, उचलली की गप्प, टेकवली की बोंब. पहिल्या दिवशी सोळा खड्डे काढले, मिळालं काय तर बिअरचं एक झाकण. चौपाटीवरची पोरं विचारायला लागली, "काका, खेकडे काय?"

कारण साधं आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू हीच मशीनला एक पातळ धातू वाटते, चॉकलेटच्या चांदीसारखी. आवाज बंद करायला पातळ धातूचे सगळे सिग्नल मशीनमधून गाळून टाकले तर नाजूक सोन्याची अंगठीही त्यातच बसते, तीही गाळली जाते. म्हणजे शोधायचं तेच बाद.

त्यात मांडवीची पुळण काळी. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा, ही नावं उगाच पडलेली नाहीत. या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज, आणि सोबत मॅग्नेटाइट. दुकानातल्या एका मेलेल्या स्पीकरचा मॅग्नेट कागदात गुंडाळून मी तिथे वाळूत फिरवला. वर काढला तर त्याला बोटभर काळी दाढी! कागद सोडवला की दाढी गळून पडते. हे दाणे मशीनला एका बाजूला ओढतात आणि मीठ दुसऱ्या बाजूला. एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनचं बॅलन्सिंग, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज दाबायची जुळणी, दाण्यांसाठी जुळवलं की मीठ ओरडतं, मिठासाठी जुळवलं की दाणे. पांढऱ्या समुद्रावर तेच मशीन निम्म्याने शांत होतं.

इक्विनॉक्स एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि मीठ वेगळं ओळखतं. त्यात 'बीच 1' आणि 'बीच 2' असे दोन मोड आहेत. ओल्या वाळूला पहिला. दुसरा थेट पाण्यात उतरल्यावर, त्यात मशीन खाली सिग्नल पाठवण्याची ताकद कमी करतं. पहिल्याच सकाळी फरक कळला. पण ते गप्प राहतं असं समजू नका. कंपनीने सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनच्या कानाची तीक्ष्णता, 20 वर ठेवून दिलेली असते, मांडवीला मी ती 16-17 वर आणतो. खोली थोडी जाते, पण ऐकू येतं ते खरं असतं. काठावर उभं राहून आधी नॉइज कॅन्सल करायचं, म्हणजे आसपासच्या विजेची खरखर टाळायची, मग बटण दाबून धरून कॉइल खालीवर हलवत ग्राउंड बॅलन्स घ्यायचा. कोरड्या वाळूतून ओल्यात आलात की पुन्हा घ्यायचा. हे न करता 'मशीन खोटं बोलतं' म्हणणारे मला दोघे भेटलेत. फिरायचं ते लाटेच्या रेषेला समांतर. आडवं फिरलात की कॉइल एकदा ओल्यावर, एकदा सुक्यावर जाते आणि दर फेरीत किंचाळते. मोबाइल खिशात नको, डबक्यावरून कॉइल नेऊ नका.

आता माझी फजिती. पावसाळ्यानंतरच्या एका अमावास्येला, म्हणजे बाराच्या सुमारास भरती आणि सकाळी सहाच्या आसपास ओहोटी, अशी पंचांग बघून वेळ साधली होती. तरी तासभर मशीन बडबडत होतं. बॅलन्स घेतला, पुन्हा घेतला, सेन्सिटिव्हिटी 12 वर आणली. भाच्याला फोन करून चार शब्दही ऐकवले. घरी येऊन कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर आत काळ्या ओल्या वाळूचा बोटाच्या पेरभर थर! मी जमीन तपासत नव्हतो, माझ्याच कॉइलला चिकटलेली मांडवी तपासत होतो. चाळीस वर्षं लोकांच्या रेडिओतली झुरळं काढणाऱ्याला हे सुचू नये? आता दर खेपेला आधी कव्हर काढून गोड्या पाण्याने धुतो.

सिग्नल खरा की नाही, ते उकरण्याआधी कळतं. मशीन प्रत्येक धातूला पडद्यावर एक आकडा दाखवतं; दोन्ही बाजूंनी फिरवून आकडा तोच येतो का, नव्वद अंशांत वळून तरी येतो का, आणि कॉइल हळूहळू उचलली तर आवाज हळूहळू विरतो का. वाळूचा आवाज इंचभर उचलताच जातो. उकरल्यावर खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा खड्ड्याचाच सिग्नल येतो, त्याला फसू नका. मी स्टीलचा जाळीदार डोया पत्राकामवाल्याकडून करून घेतलाय, वडे काढायच्या झाऱ्याचा थोरला भाऊ. तो कॉइलपासून हातभर मागे ठेवायचा, नाहीतर तोही ओरडतो.

1.34 किलो वजन वाचायला हलकं, पण दोन तासांनी माझा खांदा सांगतो. तीन मीटर पाण्याला चालतं म्हणतात, मी गुडघ्यापलीकडे जात नाही. पातळ अंगठी आणि गुटख्याच्या पुडीची चांदी यांचा आकडा शेजारी-शेजारी येतो, त्यामुळे पुड्या उकराव्याच लागतात. तो दोष मशीनचा नाही, आपल्या लोकांचा.

मे महिन्यात कोल्हापूरच्या एका जोडप्याची साखरपुड्याची अंगठी पडली. जागा बरोबर दाखवली, म्हणून जमलं. दोन पुड्या निघाल्या, तिसरा सिग्नल 8, उभा-आडवा 8. वीतभर खाली, डोयाच्या जाळीत काळी वाळू गळून गेली आणि पिवळं काहीतरी उरलं. मुलगी तिथेच मटकन बसली.

किल्ल्याच्या पायथ्याशी मशीन नेणार नाही, पुरलेलं धन शोधायला येणार नाही. 1878 च्या कायद्याने दहा रुपयांवरचं सापडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, आणि मला कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. वस्तू हरवली असेल तर दुकानात या, येताना तिथी बघून या, आणि पडलेली जागा दाखवायला स्वतः या.