चुंबकाची मोटर की स्विच्ड रिलक्टन्स? गाडी बनवणाऱ्याने काय बघावं

एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली (यातले काही मोटरच्या चुंबकांत लागतात), तेव्हापासून एकच प्रश्न वारंवार ऐकतोय: "मालवाहू तीनचाकी बनवतोय, चुंबकाची मोटर सोडून स्विच्ड रिलक्टन्स, म्हणजे बिनचुंबकाची मोटर, घेऊ का?" माझं म्हणणं असं की नुसती मोटरची किंमत बघून ठरवू नका. गाडी कशी चालणार आणि कंट्रोलर (मोटरला हवा तेव्हा करंट देणारं इलेक्ट्रॉनिक्स) कोण देणार, ते आधी बघा.

दोन्ही मोटरी एकदा खोलून बघाच. चुंबकाचा रोटर (आतला फिरणारा भाग) काढताना तो स्टेटरकडे (बाहेरच्या स्थिर भागाकडे) असा खेचला जातो की मध्ये बोट आलं तर चेंगरतंच; पुलरशिवाय (ओढून काढायच्या अवजाराशिवाय) आम्ही हात लावत नाही. रिलक्टन्सचा रोटर मात्र हाताने सरळ बाहेर येतो. सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांची चळत आणि बाहेर आलेले दात, एवढंच. ना चुंबक, ना तांबं. सगळं वायंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) स्टेटरच्या दातांवर. करंट मिळालेल्या दाताकडे रोटरचा दात ओढला जातो, तो समोर येईपर्यंत कंट्रोलर पुढची फेज (वायंडिंगचा पुढचा गट) चालू करतो. स्टेटरला 6 आणि रोटरला 4 दात असतील तर दर 30 अंशांना एक ओढ, म्हणजे एका फेऱ्यात 12. रचना 12/8 (स्टेटरला 12, रोटरला 8 दात) असेल तर 24.

आवाजाचं मूळ याच ओढीत आहे. दात समोरासमोर आले की स्टेटरचं कडं आत दबतं, करंट तुटला की परत फाकतं. आमच्या टेस्ट बेंचवर पहिल्यांदा लोड दिला तेव्हा शेजारच्या ट्रेमधले नट खुळखुळायला लागले. करंटचं टायमिंग नीट बसवल्यावर आवाज बराच उतरतो, पण पूर्ण जात नाही. शिवाय लहान मोटरीत रोटर-स्टेटरमधली फट अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे बेअरिंग स्वस्तातलं घालून चालत नाही.

आता वायरी मोजा. चुंबकाच्या मोटरीतून जाड वायरी तीन निघतात, तीन फेजच्या रिलक्टन्समधून सहा. बाजारात सहज मिळणारा कंट्रोलर इथे चालत नाही, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं. याचा एक फायदाही आहे: फेजचे दोन्ही स्विच वायंडिंगच्या दोन टोकांना असल्याने ते एकदम चालू राहिले तरी बॅटरी थेट शॉर्ट होत नाही.

उष्णतेत रिलक्टन्स सरस. साध्या ग्रेडचं निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या आसपासच दम टाकू लागतं. त्यापुढे टिकवायला बहुधा डिस्प्रोसियम हा दुर्मिळ मृदा धातू घालावा लागतो, आणि परवान्याच्या यादीत तोही आहे. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची झाली तर चुंबकाची मोटर उलटी वीज बनवते, रिलक्टन्स नुसती फिरते.

पण मंडईच्या गल्लीत दर पन्नास पावलांवर थांबणारी गाडी असेल तर मी चुंबकाचीच घेईन. तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयारच मिळतं. रिलक्टन्सला ते दर वेळी बॅटरीतून उभं करावं लागतं. त्याच टॉर्कला ती सहसा मोठी आणि जडही होते. सलग वेगाने चालणारा ब्लोअर, धुळीतला कॉम्प्रेसर, खाणीतली यंत्रं ही तिची खरी जागा. लेटूर्नो या अमेरिकी कंपनीने खाणीतल्या अजस्र लोडरच्या चाकांना ही रिलक्टन्स मोटरच दिली.

"टेस्लासारखी रिलक्टन्स" असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. मॉडेल 3 च्या रोटरमध्ये चुंबक आहेत. ती वेगळी जात.

तरी रिलक्टन्सच घ्यायची ठरली, तर पुरवठादाराला तुमच्या गाडीवर पूर्ण माल भरून, चढावर, चालण्याच्या वेगाने दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा. आणि दुसरा कंट्रोलर किती दिवसांत मिळेल, ते लेखी घ्या.