मृतजन्मानंतरची शोक-साहाय्य सेवा: एका आईचा अभिप्राय

पोटात किंवा प्रसूतीच्या वेळी बाळ दगावलेल्या कुटुंबांसाठी काही रुग्णालयांत स्वतंत्र शोक-साहाय्य सेवा असते. आमचे बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले, तेव्हा अशा एका सेवेचा आधार आम्हांला मिळाला. रुग्णालयाचे नाव देत नाही. अशा सेवेकडून काय अपेक्षा ठेवावी, हे इतर कुटुंबांना कळावे यासाठी हे लिहीत आहे.

बाळाचे ठोके थांबल्याचे सोनोग्राफीत दिसल्यावर तेथे कोणीही घाई केली नाही. माझ्या जिवाला तातडीचा धोका नसल्यामुळे कळा येण्याची औषधे लगेच घ्यायची की घरी जाऊन, थोडे सावरून परत यायचे, हे ठरवायला आम्हांला वेळ दिला गेला आणि अशा वेळी सिझेरियन शक्यतो का टाळतात, हेही नीट समजावून सांगितले. खोली प्रसूती कक्षापासून दूर होती, त्यामुळे इतर बाळांचे रडणे कानांवर आले नाही. बाळाला हातांत देण्यापूर्वी परिचारिकेने, त्वचा काही ठिकाणी सुटलेली असेल, ओठ काळसर दिसतील, असे हलक्या आवाजात सांगितले. पाहायचे की नाही हा निर्णय तिने आमच्यावर सोडला, आणि आम्ही पाहिले. तिने बाळाच्या तळव्यांना शाई लावून ठसे घेतले. डाव्या पायाच्या करंगळीचा ठसा थोडा फिसकटला, तर दुसरा कागद घेऊन तिने तो पुन्हा घेतला आणि दोन्ही कागद आम्हांला दिले. थंड ठेवणाऱ्या पाळण्यामुळे बाळ आमच्याजवळ अधिक काळ राहू शकले.

बाळ नसले तरी दूध येते, ही गोष्ट घरी जाण्याआधीच सांगणारे कोणीतरी हवे असते. येथे ते सांगितले गेले. दूध थांबवणारी गोळी उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला सहसा देत नाहीत, म्हणून आधी माझा रक्तदाबही तपासला.

मात्र या सेवेचे खरे मोल मला कळले ते काही आठवड्यांनी, अहवालांवरच्या भेटीत. मी जड उचलले म्हणून झाले का, प्रवास केला म्हणून का, कोणाचे ऐकले नाही म्हणून का, असे प्रश्न घेऊन मी गेले होते. समुपदेशक शेजारी बसलेल्या असताना डॉक्टरांनी कागदावर वारेचे चित्र काढले, तिच्या काही भागांचा रक्तपुरवठा कसा अपुरा पडला होता आणि त्यामुळे बाळाची वाढ कशी खुंटली, हे दाखवले आणि माझ्या एकेका प्रश्नाला उत्तर दिले. वैद्यकीय माहिती एका दाराआड आणि सांत्वन दुसऱ्या दाराआड, अशी वाटणी तेथे नव्हती; अपराधीपणाचे ओझे उतरायला मला नेमके हेच उपयोगी पडले. सर्व तपासण्या करूनही अनेकदा कारण सापडत नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

याच भेटीत जोखमीच्या गोष्टी कळल्या: उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, आईचे वय पस्तिशीपुढे असणे, जुळे, सिफिलिस किंवा मलेरियासारखे संसर्ग, दिवस उलटून जाणे, आधीचा मृतजन्म. जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २८ आठवड्यांनंतरचे मृतजन्म मोजते. त्यांची संख्या जगभरात वर्षाला सुमारे १९ लाख आहे आणि त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यानंतर होतात, म्हणजे वेळेवर चांगली प्रसूतिसेवा मिळाली तर त्यांतील बरेचसे टळू शकतात. २८ आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच तपासणीला जावे, या दोन सूचना मला गरोदरपणाच्या तपासण्यांत कोणीही दिल्या नव्हत्या. ‘शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमी हलते’ असेच सगळीकडे ऐकले होते, आणि ते चुकीचे आहे. ही माहिती शोकसेवेत नव्हे, तपासणीच्या पहिल्या काही भेटींतच मिळायला हवी. ती ऐकून गरोदर बाई घाबरेल, हा युक्तिवाद मला पटत नाही.

त्रुटीही आहेत. समुपदेशनात जवळजवळ सर्व लक्ष माझ्याकडे होते. माझे पती कागदपत्रांवर सह्या करत राहिले आणि त्यांना कोणी फारसे विचारले नाही. आजी-आजोबांसाठी तर काहीच व्यवस्था नव्हती. सर्वांत जिव्हारी लागले ते लसीकरणाचे संदेश: बाळ गेल्याची नोंद त्या यादीपर्यंत पोहोचलीच नाही आणि पहिल्या डोसची आठवण माझ्या फोनवर येत राहिली. आम्ही हे लेखी कळवले आहे. या सेवेची शिफारस मी जरूर करीन, पण रुग्णालय सोडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: वारेची तपासणी कोठे होणार आहे, अहवाल समजावून सांगण्याची भेट केव्हा ठरली आहे, आणि पुढचे सर्व संदेश बंद करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे.