क्रीटमध्ये भाड्याची गाडी आणि दाराखालच्या पत्र्याचे 531 युरो

क्रीटला, किंवा ग्रीसच्या कुठल्याही बेटावर, गाडी भाड्याने घेऊन फिरायचा प्लॅन असेल तर बुकिंग करायच्या आधी हे वाचा प्लीज. आमच्याबरोबर जे झालं ते रीतसर ठरवून केलेलं होतं आणि सीझनमध्ये कितीतरी लोकांबरोबर होत असणार.

हेराक्लिओन, रेथिम्नो, हानिया अशा बस आहेत आणि चांगल्या आहेत, पण बेट अडीचशे किलोमीटरच्या वर लांब, मधे डोंगर, आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर वयस्कर माणसांना घेऊन जायचं म्हणजे गाडी हवीच. आम्ही चौघं, मी, नवरा, सासू-सासरे. गाडी मी चालवणार होते म्हणून बुकिंग, क्रेडिट कार्ड, आयडीपी सगळं माझ्या नावावर, तिथे ड्रायव्हर आणि कार्ड एकाच नावाचं लागतं. आयडीपी म्हणजे आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट, वर्षभर चालतं, सारथी पोर्टलवर अर्ज होतो, ते काढाच. नुसत्या आपल्या लायसन्सवर तिथे भागत नाही आणि काही झालं की इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात.

बुकिंग एका ब्रोकर साइटवरून केलं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या बुक करून देणाऱ्या, 'फुल कव्हर' घेऊन. इथे पहिली मेख आहे. ब्रोकरचं फुल कव्हर म्हणजे गाडीवाल्याने तुमच्याकडून पैसे कापले की नंतर ब्रोकर ते तुम्हाला परत देणार, तेही कागदपत्रं दिलीत तर. गाडीवाल्याला त्या कव्हरशी काही देणंघेणं नाही, त्याच्यासाठी तुम्ही बिनकव्हरचे. म्हणून काउंटरवर तो म्हणतो की आमचं इन्शुरन्स वेगळं घ्या नाहीतर कार्डवर 1000 युरो ब्लॉक करतो. आम्ही ब्लॉक करू दिले.

गाडी मिळाली रात्री. काउंटर एअरपोर्टच्या आत नव्हतंच, एक माणूस पाटी धरून उभा होता, तो पार्किंगच्या पार टोकाला अंधारात घेऊन गेला. पांढरी छोटी गाडी, अंगभर धूळ. मी मोबाइलचा टॉर्च लावून चारी बाजूंनी व्हिडिओ घेतला, तो बाजूला उभा राहून नो प्रॉब्लेम नो प्रॉब्लेम करत होता, जुने ओरखडे सगळे सिस्टिममध्ये आहेत म्हणाला आणि टॅबवर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेथिम्नोला हॉटेलबाहेर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सवयीने गाडीला एक चक्कर मारली. बाबांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते सरळ गुडघे टेकून खाली वाकले आणि मला हाक मारली, "अगं इकडे ये, हे बघ." ड्रायव्हरच्या दाराखाली जो पत्रा असतो, जिथे जॅक लावतात, त्याची कड आत वाकलेली. बाबांनी बोट फिरवलं तर बोटाला तांबडा गंज लागला, आणि कडेच्या रंगाला फोड आलेले. "हा मार जुना आहे. ताजा असता तर पत्रा चकाकला असता. असे फोड यायला महिने जातात," असं म्हणाले. मी तिथल्या तिथे फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सॲपवर पाठवला, उत्तर आलं, ओके नो प्रॉब्लेम, एन्जॉय.

मग फिरलो आणि क्रीट खरंच सुंदर आहे, ते या लोकांमुळे खोटं होत नाही. हायवेवर हळू चालणारे लोक उजवीकडे कडेच्या पट्टीवर सरकून मागच्याला वाट देतात, सुरुवातीला धडकी भरते मग जमतं. इम्ब्रोसहून खाली स्फाकियाला उतरताना घाटाची वळणं आणि समोर एकदम समुद्र, सासूबाई गप्पच झाल्या. एलाफोनिसीला रस्ता पक्का आहे. बालोसच्या बीचला मात्र आम्ही गाडी नेलीच नाही, कालिव्हियानीच्या पुढे सात-आठ किलोमीटर कच्चा दगडी रस्ता आहे आणि तिथे गाडी नेली की बहुतेक कंपन्यांचं इन्शुरन्स बाद होतं, आम्ही किसामोसहून बोटीने गेलो. हे सांगायचं कारण पुढे येतंय.

परत देताना माणूस वेगळा. तो बाकीच्या गाडीकडे बघतसुद्धा नाही, सरळ ड्रायव्हरच्या दाराशी येतो, खाली बसतो, मोबाइलचा टॉर्च नेमका त्याच जागी मारतो आणि म्हणतो डॅमेज. म्हणजे कुठे बघायचं ते त्याला आधीच माहीत होतं! मी व्हॉट्सॲप दाखवलं, तर तो नंबर दुसऱ्या ऑफिसचा आहे म्हणे. मग म्हणाला तुम्ही बालोसला गेला होतात, तिथल्या दगडांनी झालं. मी बोटीची तिकिटं दाखवली तर खांदे उडवले. बाबा बोटाला लागलेला गंज त्याच्या डोळ्यासमोर धरून मराठीतच तावातावाने सांगत होते, त्याला अक्षर कळत नसेल पण गंज दिसत होता ना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बिल असं: पत्र्याचं काम 380 युरो, त्यावर 24 टक्के व्हॅट, शिवाय 60 युरो फाइल फी, एकूण 531 युरो 20 सेंट. इन्शुरन्समध्ये का नाही, तर गाडीच्या खालचा भाग, टायर आणि काचा त्यात धरत नाहीत. टुरिस्ट पोलिसांना फोन करते म्हटलं (ग्रीसमध्ये 1571, नंबर सेव्ह करून ठेवा), तर जरा नरमला, पण लगेच घड्याळ दाखवून म्हणाला करा फोन, ते येईपर्यंत तुमचं विमान जाईल. नाक दाबलं की तोंड उघडतं हे ह्या लोकांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून गाडी परत करायला फ्लाइटच्या निदान चार तास आधी जा, शक्य असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच देऊन टाका. मी पैसे भरले पण पावतीवर इंग्रजीत लिहिलं की हे नुकसान मान्य नाही, दबावाखाली पैसे देतेय, आणि खाली सही. वर त्याने मशीनवर युरोऐवजी रुपये असं बटण स्वतःच दाबलं. रुपयांत घेतलं की भाव त्यांच्या मशीनचा लागतो आणि तो कायम महाग असतो. खरं तर निवड कार्डवाल्याची असते, तेव्हा मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि युरोच दाबा.

घरी आल्यावर ब्रोकरकडे क्लेम टाकला. त्यांनी मागितलं गॅरेजचं दुरुस्तीचं बिल. कंपनीकडे मागितलं तर एक साधा एस्टिमेट पाठवला, ज्यावर गॅरेजचं नावसुद्धा नाही. परत मागितलं, उत्तर नाही. मग बँकेत डिस्प्यूट टाकला, म्हणजे कार्डवरून घेतलेले हे पैसे मान्य नाहीत अशी हरकत. कंपनीने उत्तरात माझी टॅबवरची सही जोडली, तिथल्या फॉर्मवरच्या गाडीच्या चित्रात त्या जागी काहीच खूण नाही, आणि व्हॉट्सॲपबद्दल म्हणे की पहिल्या रात्रीतच तुम्ही ठोकली असणार. बँकेने केस बंद केली.

मला रात्री झोप लागेना. मॅपवर त्या कंपनीचे रिव्ह्यू खालपर्यंत वाचत बसले, जर्मन, डच, पोलिश, सगळे ट्रान्सलेट करून. आणि एका डच कुटुंबाने टाकलेला फोटो सापडला. तीच नंबर प्लेट, तोच पत्रा, तोच वाक, तोच फोड आलेला रंग, आणि तारीख आमच्या आधीच्या सीझनची. त्यांच्याकडूनही पैसे घेतलेले. म्हणजे तो पत्रा दुरुस्त करायचाच नसतो! तो तसाच ठेवायचा आणि जो येईल त्याच्याकडून वसूल करायचा. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल.

तो स्क्रीनशॉट, बाबांचा गंजाचा फोटो, बोटीची तिकिटं, पावतीवर लिहिलेली ओळ, सगळं एका पीडीएफमध्ये करून केस परत उघडायला लावली. या वेळी पत्र्याचे पैसे व्हॅटसकट परत आले.

आता कुणी विचारलं तर मी सांगते की व्हिडिओ घ्याच, पण दोन्ही दारांखालून आणि बंपरच्या खालून मोबाइल उलटा धरून घ्या, आणि जे दिसेल ते त्यांच्या फॉर्मवर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. अंधार असेल तर उजेडाखाली गाडी आणायला सांगा, तो कुरकुर करेल, करू दे. युरोपची जी ग्राहक मदत केंद्रं आहेत ती तिथल्या रहिवाशांसाठी आहेत, भारतातून गेलेल्यांना त्यांचा उपयोग नाही, आपला खरा आधार म्हणजे क्रेडिट कार्डचा डिस्प्यूट.

फाइल फीचे 60 युरो मात्र अजून अडकलेत, बँक म्हणते ती फी करारात लिहिलेली होती. मी लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी पडत नाही, आणि मी जाणार आहे.