स्पोर्ट्स कारचे ‘फॅक्टरी पर्याय’: नाशिकमधील एका मध्यस्थाने केलेली फसवणूक

परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार नाशिकमधून मागवायची म्हटली की बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत मुंबईच्या शोरूमशी व्यवहार करावा लागतो आणि या दोन शहरांमधल्या अंतरावर काही मध्यस्थांनी आपला धंदा उभा केला आहे. अशाच एका मध्यस्थाने गाडीच्या परफॉर्मन्स पर्यायांच्या नावाखाली माझ्याकडून २२ लाख रुपये घेतले आणि त्या बदल्यात रंग, स्प्रिंग आणि एक घड्याळ गळ्यात मारले. प्रकरण सध्या तक्रारीच्या टप्प्यावर असल्याने मी त्याचे नाव लिहीत नाही. गाडीच्या कंपनीचेही नाव देत नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या बनावात कंपनीचा हात नव्हता. मात्र ही पद्धत दुसऱ्या कोणावर वापरली जाऊ नये, म्हणून झालेला प्रकार तपशीलवार मांडत आहे.

माझा नाशिकच्या अंबड भागात मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. मला गाडीच्या यंत्रणेत रस असल्यामुळे चामड्याची आसने, रंगीत दिवे किंवा ध्वनियंत्रणा यांवर पैसे घालण्याऐवजी चालण्यात फरक पडेल असेच पर्याय घ्यायचे, हे मी आधीच ठरवले होते. हा गृहस्थ त्या बाबतीत उत्तम तयारीचा निघाला. कॉलेज रोडवरच्या कार्यालयात त्याने कंपनीची पुस्तिका समोर ठेवून चार पर्याय सुचवले: सिरॅमिक ब्रेक, मागच्या चाकांसाठी यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी, आतल्या प्लेटवर चालणारी यंत्रणा), इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कडक-मऊ होणारे शॉक अॅब्सॉर्बर आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळासह येणारे स्पोर्ट पॅकेज. निव्वळ आवाजासाठी असलेला एक्झॉस्ट घेऊ नका, असेही त्याने स्वतःहून सांगितले. हा सल्ला योग्यच होता आणि त्यामुळेच त्याच्यावरचा विश्वास पक्का झाला.

हे पर्याय खरोखर मिळाले तर त्यांचा उपयोग मोठा असतो, म्हणूनच त्यांच्या नावावर पैसे उकळता येतात. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ या गाडीत सिरॅमिक ब्रेक दिले. त्यांच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, ओतीव लोखंडाच्या तशाच डिस्कपेक्षा साधारण निम्म्या वजनाच्या असतात आणि सतत जोरात ब्रेक लावले तरी त्यांची पकड टिकते. त्याच कंपनीच्या ७१८ केमनचे उदाहरण घेतले, तर स्वयंचलित गिअरबॉक्सची साधी गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.९ सेकंदांत गाठते आणि स्पोर्ट क्रोनो, म्हणजे घड्याळासह येणारे त्यांचे स्पोर्ट पॅकेज, असेल तर ४.७ सेकंदांत. हा फरक घड्याळामुळे पडत नाही. थांबलेल्या स्थितीतून पूर्ण ताकदीने सुटण्यासाठीचे लाँच कंट्रोल त्या पॅकेजमध्ये मिळते, त्यामुळे तो पडतो. शिवाय गरजेनुसार कडक होणारे माउंट (गिअरबॉक्स पेलणारे आधार) त्यात असतात, त्यांच्यातील द्रवाचा घट्टपणा चुंबकीय क्षेत्राने बदलतो. घड्याळ हे या सगळ्याचे केवळ दिसणारे टोक आहे. सिरॅमिक ब्रेकचेही तसेच आहे: पोर्शमध्ये कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा भाग) पिवळे असतात, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमध्ये सोनेरी. चाकाच्या आऱ्यांमधून लांबून दिसतो तो रंगच. फसवणाऱ्याला नेमके एवढे दिसणारे टोक लागते.

व्यवहार असा झाला. गाडीच्या मूळ किमतीचे पैसे मी थेट शोरूमच्या खात्यात भरले. पर्यायांचे पैसे मात्र ‘परफॉर्मन्स विभागाचे वेगळे बिल असते’ असे सांगून त्याने आपल्या फर्मच्या नावावर घेतले. कंपनीच्या बोधचिन्हासह छापलेले, चारही पर्यायांची यादी असलेले ऑर्डरचे कन्फर्मेशन त्याने मला दिले. पुढे उघड झाले की शोरूमकडच्या मूळ फॉर्मवर ग्राहक म्हणून माझे नाव होते, पण ईमेल आणि मोबाइल क्रमांक त्याचे होते. शोरूमने पाठवलेले खरे कन्फर्मेशन, बदलांसाठी दिलेली मुदत, गाडी कारखान्यात बांधायला घेतल्याची सूचना हे सगळे त्याच्याकडे गेले आणि माझ्यापर्यंत पोचले ते त्याने घरी तयार केलेले कागद.

वेगळ्या बिलाची ही गोष्ट मुळातच खोटी असते, हे प्रत्येक ग्राहकाने नीट समजून घ्यावे. कारखान्यात बसवलेला पर्याय हा गाडीचाच भाग असतो. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या गाडीच्या मूल्यात तो धरला जातो, त्यावर सीमाशुल्क लागते, मग जीएसटी लागतो आणि १० लाखांपुढच्या गाडीवर विक्रेता जो १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो तोही या संपूर्ण रकमेवर असतो. आरटीओचा करही त्याच बिलावरून ठरतो. म्हणजे २२ लाखांचे पर्याय गाडीत असतील आणि शोरूमच्या बिलात त्यांचा एक रुपयाही नसेल, हे घडूच शकत नाही. शोरूमच्या बिलात नाही ते गाडीतही नाही. विम्याची रक्कमही त्याच बिलावर आधारित असल्यामुळे, उद्या गाडीचे नुकसान झाले तर त्या पर्यायांची भरपाई मागायला तोंड राहत नाही.

गाडी मुंबईच्या शोरूममधून बाहेर पडली ती माझ्या नावाचे अधिकारपत्र दाखवून, आणि कसारा घाट चढून नाशिकला येण्याआधी ती काही काळ त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये होती. मला कारण सांगण्यात आले ते पॉलिशचे आणि काचेवरच्या फिल्मचे. गंगापूर रोडवर आमच्या दारात गाडी उतरवली तेव्हा तिला हार घातलेला होता, कॅलिपर पिवळेधमक होते, गाडी थोडी खाली बसलेली दिसत होती आणि डॅशबोर्डच्या मधोमध गोल घड्याळ होते. घरातल्या सर्वांनी फोटो काढले.

पहिली शंका आली ती ब्रेकवरून. रात्री पाऊस झाल्यावर सकाळी पाहिले, तर चारही डिस्कवर नारिंगी गंजाचा पातळ थर होता. लोखंडी डिस्क ओली राहिली की असा थर येतोच आणि दोन-तीनदा ब्रेक लावल्यावर तो निघूनही जातो. सिरॅमिक डिस्कच्या घासण्याच्या पृष्ठभागावर मात्र तो येण्याचे कारणच नाही. त्या दिवशी मी गाडी कारखान्यात नेली. आमच्या फोरमनने लेथवरचे डायल गेजचे चुंबकी स्टँड उचलले, ‘साहेब, लावून बघू का?’ असे विचारले आणि आऱ्यांमधून आत सरकवून डिस्कच्या सपाट भागावर टेकवले. ते खटकन चिकटले आणि ओढून काढावे लागले. जवळून पाहिल्यावर कॅलिपरवरचा पिवळा रंग ब्लीडर निपलच्या (ब्रेकमधली हवा काढण्याच्या तोटीच्या) आट्यांवर आणि रबरी टोपीच्या कडेवरही उडालेला दिसला. कारखान्यात रंगवलेला कॅलिपर जोडणीच्या आधी रंगवला जातो. जागेवर बसलेल्या कॅलिपरवर फवारा मारला की रंग असा शेजारच्या भागांवर सांडतो.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घेतली. मागचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सोडवून एक मागचे चाक हाताने फिरवले, तर दुसरे चाक सहज उलट्या दिशेने फिरले. प्लेट असलेले यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असते, तर दोन्ही चाकांनी एकमेकांना धरले असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे: इंजिन बंद असताना मोकळे राहणारे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आणि निव्वळ गिअरच्या रचनेवर चालणारे काही प्रकार या चाचणीत साध्या डिफरन्शियलसारखेच वागतात, म्हणून एवढ्यावरून कोणावर आरोप करू नये. मला कागदावर लिहून दिलेला प्रकार मात्र प्लेटचाच होता. आतले चाक ब्रेकने धरून गाडी वळवणारी संगणकीय सोय अनेक गाड्यांमध्ये मुळातच असते आणि तिलाच ‘डिफरन्शियल लॉक’ म्हणून विकण्याचा प्रकारही चालतो, हे त्या वेळी गॅरेजमधल्या मेकॅनिकने सांगितले.

शॉक अॅब्सॉर्बरची तपासणी त्याहून सोपी निघाली. कडकपणा बदलणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरला विजेची जोडणी लागते. आमच्या गाडीतल्या एकालाही वायर नव्हती, फक्त स्प्रिंग बदलून आखूड बसवलेल्या होत्या. गाडी खाली बसली होती ती त्यामुळे. सस्पेन्शन बदलण्यासाठी म्हणून दिलेले बटण दाबले की त्यावरचा दिवा लागत असे. ते बटण काढून पाहिले, तर मागे त्या दिव्यापुरत्याच दोन तारा होत्या. घड्याळाची तार बारा व्होल्टच्या सॉकेटला जोडलेली होती. या बटणाचा मला सर्वांत अधिक संताप आला, कारण ते बसवताना कोणीतरी विचारपूर्वक, फक्त माझी दिशाभूल करण्यासाठी मेहनत घेतली होती.

शेवटची खातरजमा शोरूमच्या सर्व्हिस विभागात झाली. चेसिस नंबर टाकल्यावर पडद्यावर गाडीची कारखान्यातील पूर्ण यादी आली आणि तीत चारपैकी एकही पर्याय नव्हता. चेसिस नंबरच्या १७ अक्षर-अंकांमध्ये पर्याय लिहिलेले नसतात, पण त्या नंबरावर कंपनीकडे ही यादी नोंदलेली असते आणि गाडीच्या मालकाला ती पाहता येते. मी यादीची प्रत लेखी मागून घेतली. मध्यस्थाला जाब विचारला तेव्हा त्याने आधी ‘कंपनीकडून चूक झाली असेल’ असे म्हटले, नंतर ‘हे आफ्टरमार्केट अपग्रेड तुम्हीच मागितले होते’, म्हणजे बाहेरून बसवलेले बदल मीच सांगितले होते, असे म्हणून हात वर केले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले.

‘झाले ते झाले, आता खरे भाग बाहेरून बसवून घ्या,’ असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला, पण तो मार्ग बहुतांशी बंद आहे. सिरॅमिक डिस्कबरोबर कॅलिपर, पॅड आणि ब्रेकच्या संगणकाची जुळणी बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक शॉक अॅब्सॉर्बरसाठी वायरिंग आणि नियंत्रण यंत्रणा मुळापासून हवी असते. असे बदल बाहेर केले तर त्या भागांची वॉरंटी धोक्यात येते. आमच्या गाडीत स्प्रिंग बदलल्यामुळे सस्पेन्शनच्या वॉरंटीचा प्रश्न आधीच उभा राहिला आहे आणि मूळ स्प्रिंग परत मिळालेल्या नाहीत. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी ग्राहकाच्या अंगावर येतो, ते वेगळेच.

म्हणून ज्यांची गाडी अजून यायची आहे, त्यांनी शोरूमच्या फॉर्मवर स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल क्रमांक आहे ना, हे आजच शोरूमला फोन करून विचारावे. मध्यस्थाने फॉरवर्ड केलेली पीडीएफ पुरावा मानू नये. ऑर्डरची प्रत थेट शोरूमकडून मागवावी आणि प्रत्येक पर्यायापुढे कंपनीचा सांकेतिक क्रमांक व रक्कम आहे का, ते पाहावे. कारखान्यात गाडी बांधायला घेण्याआधी एक मुदत असते आणि तोपर्यंतच पर्याय घालता किंवा काढता येतात. ती तारीख लेखी घ्यावी. पर्यायांची रक्कम रोख मागितली गेली तर तेथेच थांबावे, कारण आयकर कायद्यानुसार २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही आणि असा आग्रह धरणाऱ्याला मागे पुरावा ठेवायचा नसतो. गाडी शोरूमच्या दारातून स्वतः ताब्यात घ्यावी, तिथेच चेसिस नंबरवरची यादी छापून घ्यावी आणि एक साधे चुंबक खिशात ठेवावे.

आणखी एक गोष्ट निवडीबद्दल. काही पर्याय खरे असूनही आपल्याकडे निरुपयोगी असतात आणि मध्यस्थ तेच पुढे करतात. बीएमडब्ल्यूच्या एम३ आणि एम४ मध्ये एम ड्रायव्हर्स पॅकेज घेतले की वेगाची मर्यादा ताशी २५० वरून २९० किलोमीटर होते. आपल्याजवळच्या समृद्धी महामार्गावर कारसाठी मर्यादा १२० आहे. त्या पैशांत चांगले टायर येतात आणि त्यांचा फरक कसारा घाटाच्या ओल्या वळणांवर पहिल्या दिवसापासून जाणवतो.

माझ्या बाबतीत मी पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ग्राहक आयोगाचा मार्गही धरला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहकाने मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, अशी विभागणी आहे, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. असाच प्रकार ज्यांच्या लक्षात आला असेल, त्यांनी रंगवलेले कॅलिपर, खोटी बटणे किंवा स्प्रिंग रागाच्या भरात काढून टाकू नयेत. ते जागेवर असतानाच अधिकृत वर्कशॉपकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा, तारखेसह फोटो काढावेत आणि मध्यस्थाशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संभाषण फोनमधून पुसू नये. आमच्या तक्रारीत आतापर्यंत सर्वाधिक वजन पडले आहे ते शोरूमच्या मूळ फॉर्मवरच्या त्या परक्या मोबाइल क्रमांकाला.