काखमांजरीवर अर्टापेनेम: सहा आठवड्यांच्या सलाईनचा लेखाजोखा

काखेत-जांघेत वर्षानुवर्षं फुटणारी, आतून एकमेकांना जोडलेली गळवं ही साधी काखमांजरी नव्हे. तो हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. डॉक्सिसायक्लीन झालं, क्लिंडामायसिन-रिफॅम्पिसिन झालं, ही नेहमीची अँटिबायोटिक्स संपली तरी बनियन रोज पुवाने भिजतंच, तेव्हा अर्टापेनेम या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकचं नाव निघतं. रोज १ ग्रॅम, शिरेतून, सहा आठवडे. म्हणजे ४२ कुप्या. मत आधीच सांगून टाकतो: औषध दमदार आहे, पण त्यानंतर काय करायचं हे ठरलेलं नसेल तर सुरू करू नये.

गुण येतो, यात वाद नाही. पॅरिसमधल्या ३० रुग्णांच्या, २०१६ साली छापलेल्या अभ्यासात आजाराच्या तीव्रतेचा सार्टोरियस स्कोअर (मध्यक) ४९.५ वरून १९ वर आला. पू आटतो, वास जातो, ठणका ओसरतो. त्वचेखालची बिळं मात्र तशीच राहतात. म्हणून नुसतं सलाईन संपवून थांबलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय स्यूडोमोनास या जंतूवर हे औषध चालत नाही. पू हिरवट असेल तर हाच जंतू असू शकतो, म्हणून आधी कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी). आपल्याकडे क्षयाच्या गाठीही अशाच वाहतात, तेही आधी तपासून घ्यावं.

कुपीत १० मिलि नॉर्मल सलाईन घालून नीट हलवायचं, लगेच ५० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये मिसळायचं आणि ३० मिनिटांत सोडायचं. घरी येणाऱ्या नर्सची चूक नेमकी इथे होते: हाताला लागते ती डेक्स्ट्रोजची बाटली. ती चालत नाही, औषध त्यात टिकत नाही. कमरेत टोचण्यासाठी लिग्नोकेनमध्ये कालवलेलं औषध शिरेत कधीही द्यायचं नाही. तयार द्रावण बाहेर ६ तास टिकतं. पण ही मुदत २५ अंशांची, मे महिन्यातल्या नागपूरची नव्हे. फ्रीजमध्ये २४ तास, बाहेर काढल्यावर ४.

साध्या कॅन्युलावर (हाताच्या शिरेतली छोटी सुई-नळी) सहा आठवडे काढले तर शिरांचा चोथा होतो. पिक लाइन (दंडाच्या शिरेतून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी) घ्या, तीही ज्या बाजूची काख कमी पेटलेली त्या दंडात. फ्लश (सलाईन सोडून नळी धुणं) १० मिलिच्या सिरिंजनेच; लहान सिरिंजने दाब वाढून नळी फाटते. ड्रेसिंग सात दिवसांनी बदलायचं, पण मुंबई-कोकणच्या घामात ते तिसऱ्या दिवशीच सुटतं. कड उचलली की त्याच दिवशी बदला. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका. दंड सुजला तर डॉपलर, म्हणजे शिरेत गुठळी झाली का हे पाहणारी सोनोग्राफी. फ्लशनंतर हुडहुडी भरली तर लाइनमध्ये जंतुसंसर्ग धरून तातडीने रक्ताचं कल्चर.

दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या तपासण्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३० मिलि किंवा कमी असेल तर डोस ५०० मिग्रॅ. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सहसा हे औषध नकोच. व्हॅल्प्रोएटची पातळी घसरून फिट येते. दिवसातून तीनदा पाण्यासारखे जुलाब झाले तर मनाने गोळी घेऊन ते थांबवू नका. अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची तपासणी करा.

शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीतलं औषध असल्याने केमिस्ट चिठ्ठी पाहून रजिस्टरात नोंद करणार, ती कटकट नव्हे.

सर्जनला चौथ्या आठवड्यात दाखवा. तोवर सूज उतरून बिळांच्या कडा बोटाला लागतात, आणि लाइन निघायच्या आत ऑपरेशनची किंवा अ‍ॅडालिमुमॅब या सूज दाबणाऱ्या इंजेक्शनची तारीख हातात येते.